चौथा रकाना

विद्याधर रेडीज यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही नोंद अर्धवट सोडली नव्हती. चिपळूणजवळच्या एका रसायन कारखान्यात ते नियंत्रण कक्षाचे पर्यवेक्षक होते. बॉयलरचा दाब वाढो, टाकीतली पातळी उतरो की एखाद्या पंपाचा सूर बदलो, घंटी वाजली की ते आधी इलाज करीत आणि मग नोंदवहीच्या तीन रकान्यांत काळ्या शाईने लिहीत: वेळ, सूचना, कृती. पाळी बदलताना वही ताब्यात घेणारा माणूस म्हणे, "रेडीजसाहेबांची वही म्हणजे पंचांग. कुणाला विचारायला जावं लागत नाही."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पत्नी गेली. मुलगी कस्तुरी पुण्याला होती. रिकामे घर आणि रिकामी वही या दोन्ही गोष्टी त्यांना सोसेनात. त्याच सुमारास, म्हणजे २०३५ साली, पुण्याच्या एका तरुण कंपनीने घरबसल्या करण्याजोगे एक काम देऊ केले. कंपनी लहान बाळांसाठी 'निवांत' नावाचा पाळणा तयार करीत होती. त्या पाळण्याला बाळांचे आवाज ओळखायला शिकवायचे होते. सहा सेकंदांचा आवाजाचा तुकडा ऐकायचा आणि त्याला तीनपैकी एका रकान्यात टाकायचे: शांत, कुरकुर, रडे. चाळीस निवृत्त माणसे या कामावर होती. विद्याधरांची शिस्त पाहून कंपनीने त्यांना सर्वांचे प्रमुख केले आणि त्यांनी सर्वांसाठी एक नियमपुस्तिका लिहून काढली.

तिच्यातला सातवा नियम असा होता: 'शंका आल्यास वरची पायरी धरावी.'

हा नियम त्यांनी बॉयलरकडून आणला होता. दोन दाबमापके दोन आकडे दाखवीत असतील तर मोठ्यावर विश्वास ठेवायचा. घंटी उगाच वाजली तर एक चक्कर फुकट जाते, वाजायची राहिली तर माणसे जातात. आवाजाच्या कामातही 'ऊं', 'अघ्', 'अग्गूं' असले तुकडे हजारांनी येत. शांत म्हणावेत तर आवाज आहे, रडे म्हणावेत तर रडण्याचा मागमूस नाही. नियम सात. कुरकुर. चाळीस जणांनी दीड वर्षात दोन लाख तुकडे असे निकालात काढले आणि कंपनीच्या प्रमुख अभियंता तेजल घोरपडे यांनी विद्याधरांना खास फोन करून सांगितले, "काका, तुमच्यासारखं काटेकोर काम कुणाचंच नाही."

या शब्दांचे त्यांना पुढे किती ओझे होणार होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

*

पाळणा खरोखर गुणी होता. मूल अचानक रडते असे आपल्याला वाटते, परंतु त्याचे शरीर आठ-दहा सेकंद आधीच तयारीला लागलेले असते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर एरवी श्वासाबरोबर किंचित लांबते आणि आखडते. अस्वस्थता जवळ आली की ही लवचीकता कमी होऊन ठोके घड्याळासारखे एकसुरी आणि भरभर पडू लागतात. श्वास उथळ होतो, तळपाय दमट होतो. बाळाच्या घोट्यावरचा मऊ पट्टा आणि गादीखालची संवेदके हे सारे टिपत. मात्र एक अडचण होती. नवे काही पाहून हरखलेल्या बाळाचे हृदयही असेच धावते. हरखणे कोणते आणि बिनसणे कोणते, हे नाडीवरून ठरत नाही. म्हणून शेवटचा निवाडा आवाजावर सोपवलेला होता. नाडी धावते आहे आणि आवाज 'कुरकुर' आहे, असे दिसले की पाळणा प्रकाश मंद करी, गादी कोमट करी, हलके झोके देई आणि गर्भात ऐकू येतो तसा घुमारा सुरू करी. रडणे यायच्या आधीच परतून जाई.

कस्तुरीला मुलगी झाली तेव्हा कंपनीने एक पाळणा विद्याधरांच्या घरी गौरव म्हणून पाठवला. कस्तुरी बाळंतपणाला माहेरी आली होती; तिचा नवरा ओंकार जहाजावर अभियंता, सात महिने समुद्रावर. पहिला महिना वाईट गेला. कस्तुरी भिंतीकडे तोंड करून बसे, बाळ रडले की दोन्ही कानांवर हात ठेवी आणि मग स्वतःच रडे. डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले, "हिला झोप मिळाली पाहिजे, तेच निम्मं औषध." ती झोप पाळण्याने दिली. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस कस्तुरी वेणी घालू लागली, तिसऱ्या महिन्यात ताटातले संपवू लागली. पाळण्याकडे ती एखाद्या देवमाणसाकडे पाहावे तशी पाही.

बाळाचे नाव तन्मयी ठेवले होते. ती इतकी शांत होती की शेजारची माणसे मुद्दाम पाहायला येत.

*

ओंकारची थोरली बहीण हेमलता खेर्डीच्या अंगणवाडीत सेविका होती. एका रविवारी सकाळी ती कुळथाचे पीठ घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि सरळ पाळण्याशी गेली.

"काय गं तनुबाय, आत्या आली. अग्गूं. अग्गूं म्हण."

तन्मयीने डोळे उघडे ठेवून पाळण्याच्या काठावरच्या प्रकाशपट्टीकडे पाहिले. आत्याकडे पाहिले नाही.

"अगो, मी इथे आहे. तो दिवा काय तुझा आतोबा लागतो?" हेमलता हसली. तिने पुन्हा हाक मारली, जीभ टाळ्याला लावून टक् केले, चेहरा जवळ नेला. मग ती हसायची थांबली. "बारशाला हिच्या कानात 'कुर्रर्र' केलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझी पाठ काय बडवलीत. ती पाठ अजून माझ्याशी बोलते, पण ही बोलत नाही. कस्तुरी, ही हुंकार देते ना?"

"शांत आहे ती, ताई. स्वभावच तसा आहे."

"साडेचार महिन्यांत स्वभाव ठरला?"

"कानांची तपासणी दोनदा झाली. उत्तम ऐकू येतं तिला." कस्तुरीचा आवाज चढला नव्हता, पण बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात."

"बोलतात ना. बोलणं उशिरा, हुंकार नव्हे." हेमलता पदर खोचत म्हणाली. "अंगणवाडीत रडकी पोरं येतात, चावरी येतात, मला त्यांची काही काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती कोपऱ्यात बसून काहीच न मागणाऱ्याची."

कस्तुरी उठून आत गेली. विद्याधर भाजी निवडत होते. त्यांनी शेंगा मोडणे थांबवले.

"रागावली वाटतं," हेमलता म्हणाली.

"घाबरली," विद्याधर म्हणाले. "हेमाताई, हुंकार म्हणजे नक्की कसा असतो?"

"काका, कस्तुरी तुमचीच मुलगी ना? तिचा ऐकला नाहीत कधी?"

विद्याधरांनी शेंगांकडे पाहिले. कस्तुरी तान्ही होती त्या वर्षी कारखान्यात नवे संयंत्र बसत होते आणि ते दोन-दोन पाळ्या करीत. "आज हुंकार देत होती," असे पत्नी जेवण वाढताना सांगे आणि ते 'अरे वा' म्हणून आमटी वाढून घेत.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळण्याची नोंद काढली. पाळणा स्वतःची नोंदवही ठेवी: वेळ, सूचना, कृती. हे तीन रकाने त्यांनीच सुचवले होते. जन्मापासूनचे सारे दिवस त्यांनी कागदावर मांडले आणि दर दिवशी 'कुरकुर' या सूचनेवर पाळण्याने किती वेळा इलाज केला, हे मोजले. सातव्या आठवड्यात दिवसाला साठ वेळा. नवव्यात चाळीस. बाराव्यात पंधरा. सतराव्यात दोन. गेल्या आठवड्यात एकदाही नाही.

ही उतरती रेषा कंपनीने जाहिरातीत छापावी अशी होती. पाळण्याच्या साप्ताहिक अहवालात हीच रेषा पाहून कस्तुरीने ती ओंकारला पाठवलीही होती. परंतु विद्याधरांनी चष्मा काढून ठेवला. नियंत्रण कक्षात आलेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला ते पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगत: वाजणारी घंटी गप्प झाली तर त्याची दोनच कारणे असतात. एक तर संयंत्र ठणठणीत झाले, नाही तर तार तुटली. कोणते ते पाहिल्याशिवाय चहा प्यायचा नाही.

त्यांनी हेमलताला बोलावून घेतले. सातव्या आठवड्याचे आवाज पाळण्याच्या स्मृतीत शिल्लक होते. जेवणाच्या टेबलावर दोघे समोरासमोर बसले. कस्तुरी बाळाला घेऊन मागल्या खोलीत झोपली होती.

पहिला तुकडा: "ऊंऽ."

"हा हुंकार," हेमलता म्हणाली.

दुसरा: "अघ्... अग्गूं."

"हाही. चांगला खणखणीत."

तिसरा, चौथा, दहावा. पंधराव्या तुकड्याला तिने हात वर केला. "थांबा काका. याच्यावर काय लिहिलंय तुमच्या यंत्रानं?"

"कुरकुर."

"कुरकुर?" तिला हसू आवरेना. "ही कुरकुर असेल तर आमच्या साहेबांचं भाषण म्हणजे अंगाई. अहो, कुरकुर नाकातून येते, खाली उतरते, ओढल्यासारखी. हुंकार गळ्यातून येतो आणि शेवटी वर जातो. प्रश्न विचारल्यासारखा. ती बोलावतेय, 'कोण आहे का?' म्हणून. आपण 'हूं' म्हणायचं, की ती परत म्हणते. गोष्ट सांगताना पोरं मध्ये मध्ये 'हूं' म्हणतात ना, ते कुठे शिकतात? इथेच. पाळण्यात."

तिचे हसू विद्याधरांच्या चेहऱ्यावर आपटून थांबले. त्यांनी एक तुकडा पुढच्या अर्ध्या मिनिटासह लावला. "ऊंऽ?" अशी चढती हाक आली. लगेच घुमारा सुरू झाला, झोक्याची करकर आली. पुन्हा एक, जरा लहान "ऊं". घुमारा वाढला. मग फक्त श्वास.

"दिवसाला साठ वेळा," विद्याधर म्हणाले. "साठ वेळा तिनं विचारलं, कोण आहे का. आणि साठ वेळा दिवा मंद करून आपण तिला निजवलं."

"आपण कशाला? यंत्रानं."

"यंत्राला मी शिकवलं. नियम सात."

तान्ह्या मुलाची आणि माणसाची देवघेव ही एक बंद साखळी असते. मूल आवाज टाकते, माणूस चेहऱ्याने आणि आवाजाने तो परत करतो, मूल पुन्हा टाकते. या येरझाऱ्यांत मेंदूतल्या भाषेच्या, ओळखीच्या आणि भावनांना आवर घालण्याच्या वाटा रुळतात. हाकेला प्रत्येक वेळी झोपच उत्तर म्हणून आली तर मूल एवढेच शिकते की हाकेचा उपयोग नाही. ते दुःखी होत नाही, तक्रार करीत नाही. हाक मारायचे सोडून देते. विद्याधरांच्या विद्येत याला मंडल तुटणे म्हणतात. दोन्ही टोके शाबूत असतात. मधून काही वाहत नाही.

मात्र तुटलेली तार जोडता येते, हेही त्याच विद्येत होते. किती दिवसांत जोडावी, याला मर्यादा असते एवढेच. मेंदूच्या या वाटा पहिल्या वर्षात जितक्या सहज रुळतात तितक्या नंतर रुळत नाहीत.

*

कस्तुरीला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले, कागद पुढे ठेवून, काहीही न वगळता.

तिने रेषेवरून बोट फिरवले. "म्हणजे मी ओंकारला अभिमानानं पाठवलं ते हे."

"चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते नंतर बघू, बाबा. आता काय? पाळणा बंद?" तिने बाळाला छातीशी घट्ट धरले. "पहिला महिना तुम्ही पाहिलात. ती रडायला लागली की माझ्या डोक्यात काय चालायचं ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. हा पाळणा नसता तर मी आज इथे बसून बोलत नसते. तुम्हाला रकाना चुकल्याचं दुःख आहे. मला तो आवाज परत नकोय."

विद्याधरांनी रेषेचा कागद उलटा ठेवला. ती म्हणत होती ते खरे होते. पाळण्याने एकीला वाचवले होते आणि दुसरीला गप्प केले होते, आणि दोघी त्यांच्याच होत्या.

"रोज दोन तास," ते म्हणाले. "सकाळी सात ते नऊ. पाळणा बंद, मी चालू. तू दार लावून झोप. बाकी बावीस तास पाळणा तुझा."

"आणि तुम्हाला येतं का काही?"

"नाही. शिकेन."

*

पहिल्या सकाळी त्यांनी पाळण्याची कळ बंद केली, प्रकाशपट्टीवर काळी चिकटपट्टी लावली आणि नातीला चटईवर घेतले. तीन मिनिटांत ती रडू लागली. ते रडणे घरात कुणी दोन महिन्यांत ऐकले नव्हते. विद्याधरांनी तिला उचलले, थोपटले, खांदा बदलला, येरझाऱ्या घातल्या, खुळखुळा वाजवला, पंखा लावला, पंखा बंद केला. हेमलता अंगणवाडीला जाता जाता डोकावली होती; ती दारात उभी राहून पाहत होती.

"काका, तुमच्या मनगटावर घड्याळ आहे ना? नाडी किती दाखवतंय?"

"एकशे बारा."

"तेच. तुम्ही तिला थोपटत नाही आहात. तुम्ही घंटी बंद करायला धावताय. तिला ते कळतं."

हे बोलणे त्यांना झोंबले, आणि पटलेही. तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करण्याची कळ अजून आलेली नसते. ती त्याला ज्याच्या अंगाशी असेल त्याच्याकडून उसनी घ्यावी लागते. धरणाऱ्याचा श्वास, ठोका, स्नायूंचा ताण या सगळ्यांतून. धरणाराच उकळत असेल तर बाळाने घ्यायचे काय?

"मग करू काय?"

"काही करू नका. हेच कठीण आहे तुम्हाला." हेमलताने पिशवीतून एक कागद काढला, चार घड्या घालून होडी केली. "आमच्याकडे पोरं फार उधळली की मी सगळ्यांना उताणं निजवते आणि प्रत्येकाच्या पोटावर एक होडी ठेवते. होडी बुडवायची नाही, पळवायची नाही. श्वास आला की वर, गेला की खाली. नुसती बघायची. पाच मिनिटांत खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल. झोपा."

"मी?"

"मग काय मी? मला साडेसातची गाडी आहे."

सदुसष्ट वर्षांचे पर्यवेक्षक रेडीज चटईवर उताणे झाले. पोटावर कागदाची होडी, काखेशी रडणारी नात. मन सतत पुढच्या कृतीकडे धावे. ते त्याला बोटाला धरून होडीशी परत आणीत. धावे, परत आणीत. कितीदा, ते त्यांनी मोजले नाही, आणि न मोजणे हेच त्यांना सर्वांत अवघड गेले. नंतर त्यांनी तिच्या घोट्यावरच्या पट्ट्याची आणि आपल्या घड्याळाची रेषा एकाखाली एक ठेवून पाहिली. आधी त्यांची उतरली होती. तिची त्यांच्यामागून चार मिनिटांनी.

तिसऱ्या दिवशी कस्तुरी पाणी प्यायला बाहेर आली आणि थबकली. "बाबा, हे काय?"

"खाडीला भरती आलीय. बोलू नकोस."

सहाव्या दिवशी तन्मयीने होडी पाहिली. आधी चिकटपट्टी लावलेल्या काठाकडे पाहिले, तिथे काही नव्हते. मग तिची नजर वरखाली होणाऱ्या त्या पांढऱ्या तुकड्यावर ठरली. बराच वेळ ती होडीबरोबर डुलत राहिली. मग नजर होडीवरून शर्टाच्या गुंड्यांवर आली, एकेक गुंडी चढत गळ्याशी पोचली, हनुवटीशी थांबली आणि शेवटी विद्याधरांच्या डोळ्यांत आली. तिथे ती राहिली. विद्याधरांनी श्वाससुद्धा बदलला नाही. उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावे तसे ते जागचे न हलता पाहत होते, फरक इतकाच की हे दूध त्यांना उतू जाऊ द्यायचे होते.

आवाज मात्र आला नाही. सातव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही.

*

दरम्यान त्यांनी कंपनीला पत्र लिहिले. कस्तुरीने ते वाचले. "पुस्तिकेवर नाव तुमचंच आहे. सगळीकडे हेच सांगतील की रेडीजांनी चुकवलं."

"नोंद तशीच व्हायला हवी," ते म्हणाले आणि पत्र पाठवले. सातवा नियम, त्यामागचा विचार, त्याची चूक, नातीची रेषा, पंधरा तुकड्यांवर हेमलताचे अभिप्राय. काही लपवले नव्हते.

तेजल घोरपडे यांचा फोन दोन दिवसांनी आला. एरवी घाईने बोलणारी ती बाई सावकाश बोलत होती. "काका, आम्ही नऊशे घरांच्या रेषा काढल्या. बहुतेक घरांत दिवसभर आजूबाजूला माणसं असतात, पाळणा फक्त झोपेपुरता. तिथे मुलं ठीक आहेत. पण सव्वाशे घरांत तुमच्यासारखीच रेषा आहे. आणि त्या पालकांनी आम्हाला काय लिहिलं होतं माहीत आहे? 'बाळ किती शांत आहे, आभारी आहोत.' आम्ही ती पत्रं भिंतीवर लावली होती."

"आता?"

"सगळ्या घरांना आजच कळवलं. रोज ठरावीक वेळ पाळणा बंद आणि माणूस जवळ. सव्वाशे घरांत आमची माणसं आणि बालतज्ज्ञ जाताहेत. आणि आवाज पुन्हा ऐकायचे आहेत. दोन लाख. या वेळी रकाने चार: शांत, कुरकुर, रडे आणि हुंकार. हुंकार आला की पाळणा जागचा हलणार नाही. घरातल्या माणसाला हाक मारेल, बस." ती थांबली. "प्रमुख म्हणून तुम्ही पुन्हा..."

"मी ऐकणाऱ्यांत बसेन. प्रमुख हेमाताईंना करा. त्यांचे कान तयार आहेत. आणि सातव्या नियमाच्या जागी एक लिहून घ्या."

"सांगा."

"शंका आल्यास थांबून ऐकावे."

*

सतराव्या सकाळी कस्तुरी झोपायला गेली नाही. चहाचा कप घेऊन ती चटईच्या टोकाशी बसली, भिंतीला पाठ लावून, निसटता येईल इतकी दाराजवळ. ओंकारचा निरोप आला होता, जहाज पुढच्या महिन्यात बंदराला लागत होते. सात वाजून वीस मिनिटांनी तन्मयी रडली. कस्तुरीचे हात कानांकडे निघाले आणि वाटेत थांबले. विद्याधर उठले नाहीत. त्यांनी पोटावरची होडी उचलून मुलीपुढे धरली.

"मला नाही जमणार, बाबा."

"मलाही नव्हतं जमत. झोप."

ती झोपली. होडी आधी नुसती थरथरत होती, उन्हाळी वाऱ्यात पान थरथरावे तशी. बाळ तिच्या दंडाशी रडत होते. कस्तुरीच्या डोळ्यांतून कानांकडे पाणी वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, होडीकडे पाहत होती. हळूहळू होडीला लय आली. रडणे तुटक झाले, हुंदके झाले, मग एक लांब उसासा झाला. तन्मयीने मान वळवली. होडीकडे पाहिले. तिथे ती फार रेंगाळली नाही. वाट तिला आता पाठ होती. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"ऊंऽ?"

आवाज गळ्यातून आला आणि शेवटी वर गेला.

कस्तुरीने ओठ दाबून धरले, सोडले, आणि ती म्हणाली, "हूं."

"अग्गूं."

"हूं गं. आहे मी."

विद्याधरांनी सवयीने वही ओढली. चष्मा लावला, टोपण काढले. सात बेचाळीस, असे पहिल्या रकान्यात लिहिले. दुसऱ्यात लिहिले: हुंकार. एकतीस वर्षांपूर्वी जेवताना त्यांनी ज्यावर 'अरे वा' म्हटले होते तो आवाज असा असतो तर. तिसऱ्या रकान्यावर, म्हणजे 'कृती'वर, त्यांनी पेन टेकवले.

"ऊंऽ?"

या वेळी नजर त्यांच्याकडे होती.

त्यांनी पेन खाली ठेवले आणि चटईवर वाकून ते म्हणाले, "हूं."

ती नोंद आजही अपुरी आहे.